एक जूनच्या दोन आवडाबाई

मी एक जुना प्रोग्राम आहे. वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये फ्लॉपीत पडून असतो. फ्लॉपीला बुरशी आली आहे म्हणतात. मला काही जाणवत नाही.

मित्रांनो, १९८८ साली सरोजताईंनी मला पास्कल नावाच्या भाषेत लिहिलं. ही भाषा शिस्तीची. आकड्याच्या जागी आकडाच हवा, तारखेच्या जागी तारीखच. ऑफिसातली सुमती लोकांचे अर्ज टाइप करायची आणि प्रत्येक रकान्यात हवं तेच आहे ना, हे मी बघायचो. तेरावा महिना आला की अडवायचो. चारशे सात वर्षांचा माणूस आला की अडवायचो. ऑफिसचे मालक त्र्यंबकराव पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवायचे. "याच्या हातून चूक सुटत नाही," म्हणायचे.

१९९० साली महापालिकेच्या नव्या मासळी बाजाराची यादी करायचं काम आमच्याकडे आलं. यादीत नाव असेल तिलाच बसायला ओटा. कोळणी स्वतः अर्ज आणून देत. त्यांत जन्मतारीख रिकामी असे. ती कधी कोणी नोंदवलीच नव्हती. रिकामं मला चालत नसे.

"एक जून टाक गं," त्र्यंबकराव म्हणाले. "आमच्या शाळेत अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मलेला."

"आणि साल?"

"पन्नाशीच्या दिसतात ना? एकोणीसशे चाळीस टाक सगळ्यांना."

सुमतीने टाकलं. मी तपासलं. तारीख व्यवस्थित होती. पुढे 'आवडाबाई नाथा कोळी' हे नाव दोनदा आलं, तारीखही तीच. असं झालं की दुसरी नोंद गाळायची, हा माझा नियम. मी गाळली.

यादी लागली तशा दोघी आवडाबाई जिना चढून आल्या.

"हिचा नाथा वेगळा, माझा वेगळा," थोरली म्हणाली. "हिचा होडीवर जातो, माझा वर गेला. तुमच्या मशीनला दोन बाया दिसत नाय काय गं?"

सरोजताईंनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचले. पण यादीवर महापालिकेतल्या साहेबांची सही झाली होती. पुन्हा सगळं वर पाठवायला त्र्यंबकराव तयार नव्हते.

"जाऊ दे," धाकटी थोरलीला म्हणाली. "तू मांडी आवळून बस, मी पण आवळते."

चार वर्षं दोघी एकाच ओट्यावर बसल्या. माझ्या यादीत तिथे एकच बाई होती.

मग थोरली वारली. मृत्यूचा दाखला आला, नाव जुळलं, मी नोंद काढून टाकली. ओटा रिकामा धरून तिसऱ्याच कोळणीला दिला गेला. धाकटी पुन्हा जिना चढून आली.

"मी जिती हाय ना पण," ती सुमतीला म्हणाली.

"यादीत नाही हो मावशी."

ती मासळीची पाटी घेऊन बाजाराच्या फाटकाबाहेर, जमिनीवर बसू लागली.

त्याच आठवड्यात सरोजताईंनी मला सुधारलं. तारखेच्या जागी आता दोन गोष्टी चालत: खरी तारीख, नाहीतर 'माहीत नाही'. आणि सारखी नावं दिसली तर गाळायची नाहीत, थांबायचं. दहा-बारा ओळींचं काम. नंतर कितीतरी जणांना मी 'माहीत नाही' लिहून आत घेतलं. धाकटी बाहेरच राहिली. ओटे संपले होते.

मित्रांनो, रिकामी जागा दिसली की काहीतरी भरून मोकळं व्हावंसं वाटतं. तसं करू नका. माहीत नसेल तर माहीत नाही असं लिहा, आणि माणूस समोर असेल तर त्याला विचारा. मला विचारता येत नव्हतं. अर्ज दिला त्या दिवशी दोघी बराच वेळ जिन्यात उभ्या होत्या, कोणी बोलावतंय का बघत.