जास्तीचं मत

चष्मेवालीनं तात्यांच्या चष्म्याची काडी सोडवली, झिजलेला स्क्रू चिमट्यानं काढून बशीत टाकला आणि नवा बसवायला घेतला. समोरच्या स्टुलावर तात्या डोळे बारीक करून बसले होते. चष्मा नसला की त्यांचा चेहरा झोपेतून उठवलेल्या मुलासारखा दिसे, आणि तसा चेहरा बघून कुणालाही उगाच दया यावी. चष्मेवाली त्या दयेपासून जपून होती.

"दुपारी सभा आहे, म्हटलं सकाळीच उरकून घ्यावं," तात्या म्हणाले. "तुम्ही उभ्या राहताय असं ऐकतो."

"ऐकायला कशाला हवं? अर्ज तुमच्याच टेबलावर आहे."

"आहे, आहे. राग नाही हं माझा. लोकशाही आहे."

तात्या पालिकेचे अध्यक्ष. गावात कुणीही घर बांधो, सिमेंट तात्यांच्या दुकानातून येई आणि परवानगी तात्यांच्या सहीनं. त्या खुर्चीत ते इतकी वर्षं बसले होते की अध्यक्ष हे त्यांचं आडनाव असावं, असं नव्या पोरांना वाटे.

"मी तत्त्वाचं बोलतो," ते म्हणाले. "पदाला बाई-पुरुष काही नसतं. लायकी बघावी. उद्या लोक म्हणायचे, बाई म्हणून दिलं निवडून. तुमच्यासारखीचा तो अपमान आहे. मला तरी तो बघवणार नाही."

चष्मेवालीनं चष्मा त्यांच्या नाकावर ठेवला, कानामागे बोट घालून काडी किती वाकवायची ते पाहिलं. तिला राग आला होता तो तात्यांचा नव्हे. तिला स्वतःलाही नेमकं हेच वाटत आलं होतं, आणि आपला विचार असा परक्याच्या तोंडून, त्याच्या सोयीनं ऐकायला मिळाला याचा तो राग होता.

"मग लायकी बघून द्या मत," ती म्हणाली.

"माझ्यापुरती मी बघितलीय," तात्या हसून म्हणाले आणि आरशात स्वतःकडे बघत उठले.

पालिकेत सात सभासद. अध्यक्ष सभासदांनी आपल्यातून निवडायचा, हात वर करून. तात्या आणि त्यांचे दोन व्यापारी हे एका बाजूला. ते दोघे तात्यांना शिंक आली तरी रुमाल काढत. दुसऱ्या बाजूला चष्मेवाली, तिची मैत्रीण बेकरीवाली आणि निवृत्त पोस्टमनकाका. सातवी तात्यांची सून. तिच्या वॉर्डातून बाईच उभी करावी लागणार असं ठरलं, तेव्हा तात्यांनी घरातलीच बाई उभी केली. घरचा ऐवज घरात. सभेत ती तात्यांच्या उजव्या हाताला बसे आणि त्यांचा हात वर गेला की तिचाही जाई. दोन वर्षांत तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

भांडण होतं बाजारातल्या संडासाचं. भाजीच्या, कापडाच्या, मासळीच्या गाळ्यांवर सगळ्या बायका, आणि दिवसभर जायला जागा नाही. पुरुष भिंतीकडे तोंड करून मोकळे होत. बायका पहाटेपासून पाणीच पीत नसत. बेकरीवालीला त्यापायी दोनदा मूतखड्यानं आडवं केलं होतं. ठराव तीन वेळा आला आणि तीन वेळा पडला. तिसऱ्या वेळी तात्या म्हणाले होते, "इतकी वर्षं चाललंय ना? मग आत्ताच काय घाई लागली?" घाई लागली या शब्दांवर दोन्ही व्यापारी पोट धरून हसले. त्या दिवशी घरी जाताना चष्मेवालीनं ठरवलं की आता त्या खुर्चीत आपणच बसायचं.

सभेच्या आदल्या दिवशी बेकरीच्या मागच्या खोलीत, भट्टीच्या धगीत, बेकरीवालीनं पिठाच्या हातांनी बोटं मोजली होती.

"तू, मी, काका. तीन. तात्या धरून ते तीन, आणि सून धरली की त्यांचे चार. आपल्याला चार लागणार. सारखी पडली तर जास्तीचं मत अध्यक्षाचं, आणि नवा निवडेपर्यंत अध्यक्ष तेच."

सून तेव्हा पाव न्यायला काउंटरशी आली होती. बेकरीवालीनं तिला आत ओढलं आणि सरळच विचारलं. सुनेनं पिशवीचे बंद बोटांना गुंडाळले, सोडले, पुन्हा गुंडाळले.

"माझं धरू नका, काकू," ती म्हणाली आणि गेली.

"झालं," बेकरीवाली म्हणाली. "तरी उभी राहा. निदान त्यांना कळू दे. मी तुला बाई आहेस म्हणूनच मत देणार, सांगून ठेवते. ते जन्मभर एकमेकांना पुरुष म्हणून देत आले, तेव्हा कुणी लायकी काढली नाही."

चष्मेवालीला ते पटलं, पण मोजताना बेकरीवालीनं पहिलं बोट तिच्या नावाचं मुडपलं होतं, ते मनाला लागून राहिलं. स्वतःला मत द्यायचं? चारचौघांत, आपल्याच नावाला आपलाच हात? तिची आई म्हणायची, वाढणारीनं आपल्या ताटाकडे बघू नये. लग्नात, बारशात, दुकानात, पालिकेत ती तशीच वागत आली होती, आणि लोक तिला शहाणी म्हणत आले होते. रात्री तिनं मनाशी पक्कं केलं. नाहीतरी हरायचंच आहे, तर मानानं हरावं. हे ती बेकरीवालीला बोलली नाही. बोलली असती तर शिव्या बसल्या असत्या, हे तिला ठाऊक होतं.

दुपारी सभागृहात पंखे फिरत होते आणि वारा काही लागत नव्हता. तात्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसले, नीट केलेला चष्मा एकदा हलवून पाहिला आणि कारकुनाला मान हलवली. कारकुनानं दोन्ही नावं वाचली. आधी अर्ज चष्मेवालीचा आला होता, म्हणून आधी मत तिच्या नावावर.

"ज्यांची संमती असेल त्यांनी हात वर करावेत."

बेकरीवालीचा हात उडालाच. पोस्टमनकाकांनी सावकाश, खांदा दुखतो म्हणून डाव्या हाताचा आधार देत, उजवा वर नेला. कारकून मान खाली घालून लिहू लागला आणि थांबला. तात्यांच्या उजव्या हाताला काहीतरी हललं होतं.

सुनेचा हात वर गेला होता. पूर्ण नव्हे, कानापर्यंत. बांगडी मनगटावरून घसरून कोपराकडे आली आणि किणकिणत राहिली. तिनं मान खाली घातली होती, पण हात खाली घेतला नाही. तात्यांनी आधी तिच्याकडे पाहिलंच नाही. समोरच्या व्यापाऱ्याचं तोंड उघडं पडलं तेव्हा त्यांनी मान वळवली, आणि मग बघतच राहिले.

चष्मेवाली तिच्याकडे बघत राहिली. एवढीशी पोर. हिच्या पायावर डोकं ठेवावं असं तिला वाटलं. कारकून चष्मेवालीकडे बघत होता. पेन कागदावर टेकलेलं होतं आणि तो वाट बघत होता. बेकरीवालीही तिच्याकडे बघत होती, भुवया उंचावून. आता. उचल. तिला सगळं कळत होतं. तिचा हात मांडीवर होता, दुसऱ्या हाताखाली. तो उचलायला कुणी अडवलं नव्हतं. सगळी खोली आपल्याकडे बघतेय एवढंच तिला जाणवलं, आणि इतकी माणसं बघत असताना जसं वागायचं असतं तशी ती वागली. ती किंचित हसली आणि नजर खाली वळवली.

"तीन," कारकुनानं लिहिलं.

तात्यांच्या नावाचा पुकारा झाला तेव्हा पहिला हात तात्यांचाच होता. ताठ, डोक्याच्या वर, घड्याळात वेळ बघावी इतका सहज. मग व्यापाऱ्यांचे दोन.

"तीन," कारकून म्हणाला. "मतं समसमान."

"मग नियमानं अध्यक्षांचं जास्तीचं मत," तात्या म्हणाले आणि तोच हात पुन्हा वर केला. त्यांनी स्वतःला दोनदा मत दिलं होतं आणि दोन्ही वेळा त्यांचा चेहरा तसाच होता.

बाहेरच्या व्हरांड्यात बेकरीवाली सगळ्यांच्या आधी आली. खांबाला टेकून ती रस्त्याकडे बघत राहिली. पोस्टमनकाका "पुढल्या वेळी बघू" असं काहीसं पुटपुटत जिना उतरून गेले. सून मागून आली, चष्मेवालीपाशी थांबली.

"काकू, तुमचा हात का नव्हता?"

चष्मेवालीनं तोंड उघडलं. तत्त्वाचं काहीतरी सांगावं असं तिच्या मनात होतं, पण त्या पोरीच्या डोळ्यांसमोर ते जिभेवर येईना.

"बरं दिसलं नसतं गं," ती म्हणाली.

सुनेनं मान डोलावली, जणू एखाद्या परक्या घरची रीत समजून घेत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर चष्मेवालीला सोसवला असता.

तेवढ्यात तात्या बाहेर आले, मागे व्यापारी. सुनेकडे त्यांनी बघितलं नाही. चष्मेवालीपुढे मात्र थांबले आणि मनापासून म्हणाले,

"बाई, एक सांगतो. आज तुम्ही मला जिंकलंत. स्वतःला मत दिलं नाहीत. ही घरंदाज रीत आता बघायला मिळत नाही. आमच्या घरातल्यांनी शिकण्यासारखी आहे."

"थँक्यू, तात्या," चष्मेवालीच्या तोंडून निघून गेलं.

तात्या पायऱ्या उतरले. गाडीचं मागचं दार उघडून धरत त्यांनी नुसतं "चला" म्हटलं. सून चपला सावरत उतरली, आत बसली आणि पदर सरळ करून हात मांडीवर ठेवून राहिली. दार लागलं. काचेतून तिची फक्त मान दिसत होती, ताठ. गाडी वळणापलीकडे गेली तरी चष्मेवाली तिथेच उभी होती.

"मला इतका वेळ वाटत होतं, तुला भीती वाटली," बेकरीवाली खांबापासून हलत म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "भीती तर तिला वाटत होती. आणि ती आता घरी चाललीय. तू काय, दुकान उघडशील."