बयाबाईंचं गाणं आणि दोन यंत्रं

हुसेन मुल्लांनी कोल्हापूरच्या कॉलेजातून दोन रेकॉर्डर गगनबावड्याला आणले होते. मोठा स्पूलचा, विजेवर चालणारा. छोटा कॅसेटचा, सेलवरचा. तिथल्या बयाबाईंची भातलावणीची गाणी आधी घरात, मग शिवारात टिपायची आणि कुठलं यंत्र कुठं बरं ते ठरवायचं, एवढंच काम होतं.

घरात मोठ्या यंत्रावर आवाज खणखणीत आला, पण बयाबाई तिसऱ्या ओळीला अडल्या. पुन्हा सुरू केलं, पुन्हा तिथंच.

"आता काय झालं, मावशी?" हुसेन वैतागले.

"बसून कुठं आठवतंय, मास्तर? वाकल्याबिगर गाणं येत न्हाय की!"

मग छोटं यंत्र घेऊन दोघं शेतातल्या चिखलात उतरले. रोपं लावत बयाबाई सलग गात सुटल्या. हुसेननी कॅसेट मागं फिरवून ऐकली, तर नुसता वारा घोंघावत होता. तीनदा केलं, तीनदा तेच. त्यांनी कपाळावर हात मारला.

"घरात यंत्र चांगलं तर गाणं न्हाय, रानात गाणं हाय तर यंत्र कुचकामी!"

बयाबाई कंबर धरून उभ्या राहिल्या. "मग त्या मोठ्या डब्यासमोरच वाकते की! चिखल काय घरात नेता येत न्हाय व्हय?"

चिखलानं भरलेली पाटी घरात आली. तिच्यावर वाकून, एकेक रोप खोचत बयाबाईंनी गाणं म्हटलं. सारवलेली जमीन राड झाली, सुनेनं तोंड वाकडं केलं, आणि शेवटच्या ओळीला लाईट गेली.

ती ओळ हुसेननी वहीत लिहून घेतली.