शिट्टी झाल्यावरच बटण सोडायचं

"डॉन बाल्दोमेरो, लेमुय बेट. तुमची पाळी. काम्बियो."

आंकुद गावाहून सेगुंदोचा आवाज आला, 'डॉन' ही आदराची उपाधी न विसरता, आणि पाठोपाठ त्याच्या रेडिओची, बोलणं संपल्याची विकतची 'पिप' वाजली. बाल्दोमेरो कार्कामोने एक श्वास जाऊ दिला. मग विजेरीएवढी नळी गळ्याला टेकवली, माइकचं बटण दाबलं आणि ओठ हलवले. "शुभ सकाळ, मंडळी. मी बाल्दोमेरो. मी आलोय."

त्याच्या कानांना ते अगदी स्वच्छ ऐकू आलं. त्याने बटण सोडलं. काही क्षण नुसती खरखर, आणि मग पलीकडच्या बेटावरच्या शाळेतून नेल्दा बाई बोलल्या, "कुणाचा पंप चालू आहे का हो? मध्येच मोठी घरघर आली. काम्बियो."

"दखल घेऊ नका," सेगुंदो म्हणाला. "व्यत्यय आला तर उत्तर द्यायचं नाही, रागवायचं नाही, आलाच नाही असं समजून पुढे जायचं. डॉन बाल्दोमेरोंनीच आपल्याला शिकवलंय ना? मी त्यांना शेवटी परत एकदा हाक मारीन. चोंचीचं स्टेशन, बोला. काम्बियो." पिप.

बाल्दोमेरो माइककडे बघत बसला.

त्यानेच शिकवलं होतं. हा सकाळचा फेर त्यानेच सुरू केला होता. बेटाबेटांवरचे हौशी रेडिओवाले चुलीवर किटली चढली की आपापल्या सेटसमोर बसत आणि एकेकाची पाळी येई. कुणाची बोट निघाली, कुणाला औषध हवंय, कुठे धुकं आहे, असलं साधंच बोलणं. पण एका वेळी एकालाच बोलता येतं, दोघे बोलले की कुणाचंच ऐकू येत नाही. म्हणून आपलं झालं की 'काम्बियो' म्हणायचं, म्हणजे आता तुमचं. मग पुढच्याने लगेच तोंड उघडायचं नाही. एक श्वास थांबायचं, कारण दूर कुठेतरी एखाद्याचा सेट अशक्त असतो, त्याला तेवढ्याच फटीतून आत यायचं असतं. बाल्दोमेरो नवीन माणसाला हे पुन्हा पुन्हा, न कंटाळता समजावून सांगे. एरवी तो मोटरबोटींची इंजिनं दुरुस्त करी. इंजिनालाही तो असाच समजावीत असतो, असं लोक म्हणत.

त्याच्या सेटला पिप नव्हती. 'काम्बियो' म्हटल्यावर तो ओठांचा चंबू करून दोन सुरांची शिट्टी घाली, एक चढती, एक उतरती, आणि मगच बटण सोडी. सेगुंदोला ती शिट्टी कधीच पटली नाही. "डॉन बाल्दोमेरो, ही रेडिओलहर बोलण्यासाठी आहे. शिट्टी नियमात बसत नाही," असं तो दर वर्षी एकदा तरी सांगे.

"तुझा डबा पिप करतो, मी स्वतः करतो," बाल्दोमेरो म्हणे. "माझी वीज तरी वाचते."

शेवटची शिट्टी झाली की तो उठून कोंबड्यांना दाणे टाकायला जाई. कोंबड्यांना हे इतकं पाठ झालं की शिट्टी ऐकताच त्या दारात गर्दी करत.

मग घशात गाठ निघाली. पुएर्तो मोंत शहरातल्या डॉक्टरांनी ती काढली आणि तिच्याबरोबर आवाजही काढावा लागला. आता श्वास गळ्यावरच्या भोकातून येई-जाई. गळ्याला टेकवली की गुणगुणणारी एक नळी मिळाली. ती लावून ओठ हलवले की शब्द उमटत. समोर बसलेल्याला ते सवयीने कळत, कारण ओठ दिसत. पण रेडिओवरून जाताना शब्द गळून पडतात आणि पलीकडे नुसती घरघर पोचते, हे आज कळलं.

"घरात आता बोटीची दोन आउटबोर्ड इंजिनं झाली," नळी पहिल्यांदा ऐकली तेव्हा त्याची बायको एर्सिरा म्हणाली होती. "एक शेडमध्ये, एक जेवायच्या टेबलावर." आणि पाठ वळवून बराच वेळ बटाटे सोलत राहिली होती.

शिट्टीही गेली. तोंडात हवाच येत नाही तर शिट्टी कशाची वाजणार? कोंबड्या शेजाऱ्याच्या वाडीत भटकू लागल्या. तेव्हा एर्सिराने शेडमागे जाऊन ती शिट्टी घोटून घोटून बसवली. पहिल्यांदा कोंबड्या तिच्याकडे धावल्या, ते बाल्दोमेरोने खिडकीतून पाहिलं.

फेरातले लोक रोज त्याचं नाव घेऊन थांबत आणि उत्तर आलं नाही की पुढे जात. आज त्याने पहिल्यांदाच धीर करून बटण दाबलं होतं, कारण सेगुंदोने मागेच जाहीर केलं होतं, की शनिवारी शेवटची हाक मारू. नंतर ते नाव घेणं बंद. "ते ऐकत असतील तर त्यांनाही जड जात असेल आणि आपल्यालाही. फेर उघडायचं काम नेल्दा बाईंकडे देऊ." तो शनिवार आजचा होता.

"त्या सेगुंदोला फोन करू का मी?" एर्सिराने दारातून विचारलं. तिच्या हातात दाण्यांचं भांडं होतं.

त्याने नकारार्थी मान हलवली. नळी लावून म्हणाला, "फोनवर सांगून पाळी मागायची? मी काय आजारी आहे म्हणून कळवतोय?"

"मग मी बोलते त्या डब्यात. सांगते, ही घरघर माझ्या नवऱ्याची आहे, लक्ष द्या म्हणून."

"तुला परवाना नाही. परवाना नसलेल्याने फेरात तोंड उघडायचं नाही."

"हे पण तूच शिकवलंस वाटतं सगळ्यांना?"

"हो."

"चांगलं शिकवलंस हो, म्हाताऱ्या. आता बस."

तो हसला. हसू आलं तरी त्याचा आवाज येत नसे, नुसते खांदे हलत. मोर्सच्या टिकटिक भाषेत निरोप धाडायची कळही होती कपाटात, पण ती भाषा समजणारे फेरात आता कुणी उरले नव्हते.

चोंची झालं, काउकाउए बेट झालं. एकाने मेंढी हरवल्याचं सांगितलं, दुसऱ्याने ती आपल्याकडेच असल्याचं सांगितलं, त्यावरून थोडी चेष्टा झाली. खिडकीबाहेर धुकं विरत होतं. बाल्दोमेरोने माइक जवळ ओढला.

"आता शेवटची हाक," सेगुंदो म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा ताठ नव्हता. "डॉन बाल्दोमेरो, लेमुय बेट. ऐकत असाल तर, तुमच्यामुळेच आम्ही सगळे इथे आहोत. काम्बियो."

पिप.

बाल्दोमेरोने श्वास जाऊ दिला. बटण दाबलं. "सेगुंदो, मी आहे. अरे, मीच आहे. काम्बियो." नळी गुणगुणली आणि थांबली.

आणि मग सवयीने त्याच्या ओठांचा चंबू झाला. अंगठा बटणावर तसाच राहिला. गळ्याच्या भोकातून हवा बाहेर पडली, ओठांतून काहीच नाही. शिट्टी झाल्याशिवाय बटण सोडायची त्या अंगठ्याला सवयच नव्हती.

एर्सिरा दारातून ते बघत होती. तिने दोन पावलं टाकली, माइकवर वाकली आणि शिट्टी घातली. एक सूर चढता, एक उतरता.

अंगणात एकदम पंखांची फडफड झाली. उघड्या दारातून कोंबड्या आत घुसल्या, एकमेकींना ढकलत, कलकलाट करत. एक तर थेट टेबलावर चढली. बाल्दोमेरोने बटण सोडलं.

रेडिओ गप्प होता. एक श्वास झाला. आणखी एक झाला.

"हे काय केलंस?" नळी पुटपुटली. "परवाना नसताना..."

"मी बोलले कुठे?" एर्सिरा म्हणाली. "मी माझ्या कोंबड्या बोलावल्या."

"सेगुंदो," नेल्दा बाईंचा आवाज आला. काम्बियो म्हणायचं त्या विसरल्या. "कोंबड्या होत्या ना त्या?"

सेगुंदोने घसा खाकरला. पुन्हा खाकरला. "लेमुय बेट. शिट्टी नियमात बसत नाही, हे मी मागेही सांगितलंय." तो थांबला. "डॉन बाल्दोमेरो, ती मघाची घरघर तुमचा आवाज होती का? असेल तर नुसती शिट्टी द्या. काम्बियो."

बाल्दोमेरोने एर्सिराकडे पाहिलं. बटण दाबलं. तिने शिट्टी घातली.

मग जे झालं त्याला फेर म्हणता येणार नाही. चोंची, काउकाउए, नेल्दा बाई, सगळे एकाच वेळी बोलू लागले आणि कुणाचंच काही ऐकू आलं नाही. नुसता किर्र आवाज आणि त्यात मध्येच कुणाचं तरी हसणं. इतकी वर्षं शिकवलेली शिस्त क्षणात मोडली होती, आणि बाल्दोमेरो खुर्चीत मागे टेकून ती मोडताना ऐकत होता. त्याचे खांदे हलत होते.

"स्वस्थ बसा सगळे," अखेर सेगुंदोचा आवाज वर आला. "एकेकाने बोला. डॉन बाल्दोमेरो, तुमचा हा नवा आवाज आम्हाला शिकावा लागेल. सावकाश बोला, आम्ही समजून घेऊ. नाही समजलं तर परत विचारू. उद्या फेर तुम्हीच उघडा. काम्बियो."

पिप वाजली. बाल्दोमेरोने मुद्दाम जरा जास्तच वेळ जाऊ दिला, तेवढा त्याचा हक्क होता. मग नळी टेकवून तो म्हणाला, "शुभ सकाळ, मंडळी. मी आलोय."

"शुभ सकाळ असं म्हणाले," नेल्दा बाईंनी सगळ्यांना सांगितलं. "पुढचं मला कळलं नाही. डॉन बाल्दोमेरो, परत एकदा. काम्बियो."

तो परत म्हणाला. तिसऱ्यांदाही म्हणाला. तिसऱ्या वेळी काउकाउएच्या म्हाताऱ्याला ते कळलं.

आता रोज सकाळी रेडिओसमोर दोन खुर्च्या असतात. एर्सिरा मांडीवर दाण्यांचं भांडं घेऊन बसते. रेडिओत तिला अजूनही गोडी नाही, ती खिडकीबाहेर बघते. पण 'काम्बियो' आलं की मान वळवते. बाल्दोमेरो बटण धरून ओठांचा चंबू करतो, आणि तो नीट झाल्याशिवाय ती शिट्टी घालत नाही.