मधली सीट

रत्नव्वांनी चपला खाली काढल्या, दाराच्या दांडीला धरून त्या गाडीत चढल्या आणि मधल्या सीटवर दोन्ही पाय वर घेऊन त्यांनी मांडी घातली. पाठ टेकवली. मग डोळे मिटून मान सैल सोडली. मान डावीकडे कलली, तिच्यामागोमाग खांदाही गेला, तसा सोमेश दारातून आत झेपावला.

"पडत न्हाय रे," त्या डोळे न उघडताच म्हणाल्या. "बघाय लागलोय."

आकाराम दोन पावलं मागे उभा होता. शिरोलीच्या फाट्यावर जुन्या गाड्या विकण्यात त्याचे केस पिकले होते. टायरला लाथ मारून बघणारी, इंजिनाला कान लावणारी, टेपमध्ये स्वतःची कॅसेट घालून ऐकणारी, सगळी गिऱ्हाइकं त्याने पाहिली होती; पण मांडी घालून डोळे मिटणारं गिऱ्हाईक आजवर आलं नव्हतं. तरी धंदा तो धंदा.

"मावशी, सीट एकदम मऊ हाय," तो म्हणाला. "पार बेंगळूरपतुर झोपून जावा की."

"झोपून न्हाय जायाचं मला. बसून जायाचंय."

सोमेश गाडीच्या मागे गेला आणि ट्रॉली जोडायला हूक आहे का ते वाकून बघू लागला. हूक नव्हता. नसलेल्या हुकाकडे तो बराच वेळ बघत राहिला.

कुरुंदवाडात त्यांचं लग्नकार्याला भांडी भाड्याने देण्याचं दुकान होतं. पातेली, घंगाळं, पराती दोन चाकांच्या ट्रॉलीत रचून गावोगाव पोचवायच्या आणि त्यासाठी दर वेळी कुणा जीपवाल्याचे नखरे सोसायचे. तेव्हा ट्रॉली ओढणारी, घरातली लहानथोर सगळी मावतील अशी तीन रांगांची गाडी घ्यायची, हे सोमेशचे वडील नागाप्पा असल्यापासूनचं बोलणं. नागाप्पा गेले आणि ते बोलणं मागे पडलं. यंदा रत्नव्वांच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी सोमेशला बाजूला घेऊन, आता फार दिवस नाहीत, असं सांगितलं. त्याने ते आईला सांगितलं नाही. आईने त्याचं तोंड बघून ओळखलं, आणि दुसऱ्या दिवशी चहा पिताना स्वतःच गाडीचा विषय काढला.

सोमेशने आकारामला सांगितलं होतं, सगळ्यांना घेऊन कूडलसंगमला दर्शनाला जायचंय. ते अगदीच खोटं नव्हतं. पण रत्नव्वांना गाडी कशासाठी हवी आहे हे त्याला माहीत होतं, त्याची बायको दानेश्वरी हिलाही माहीत होतं, आणि ते तोंडाने बोलायचं धाडस घरात फक्त रत्नव्वांनाच होत होतं.

त्यांच्या समाजात गेलेल्या माणसाला आडवं नेत नाहीत. मांडी घालून, गळ्यातलं लिंग तळहातावर देऊन, फुलांनी सजवलेल्या विमानात, म्हणजे उघड्या पालखीत, बसवून वाजतगाजत नेतात आणि बसवूनच मातीत ठेवतात. नागाप्पा वारले ते कोल्हापूरच्या दवाखान्यात. तिथल्या माणसांनी आपल्या सवयीने त्यांना सरळ निजवलं, पायाचे अंगठे बांधले, आणि त्या रडारडीत मांडीची आठवण कुणालाच झाली नाही. निघायलाच दुपार झाली. पुढे हातकणंगल्याजवळ ट्रक उलटून रस्ता अडला होता. घरी पोचेपर्यंत नागाप्पांचे पाय ताठ झाले होते. दार लावून चार पुरुषांनी ते दुमडले. बाहेर बसलेल्या रत्नव्वांनी तो आवाज ऐकला. तेव्हापासून घरात कुणी चुलीसाठी फाटी मोडायला घेतली की त्या उठून घरामागच्या परड्यात जात.

"ती हिरवी घेऊया अव्वा," सोमेश पुन्हा दाराशी आला. "इंजिन दमदार हाय. हूक बी हाय तिला. ट्रॉली भरली तरी दमायची न्हाय."

"तिच्यात मधी खुर्च्या हायत्या."

"आधीच्या मालकानं हौसेनं बसवल्यात, मावशी," आकाराम लगबगीने म्हणाला. "एका खुर्चीत एक माणूस, ऐसपैस. अगदी इमानात बसल्यागत वाटतंय बघा."

दवाखान्याची पिशवी छातीशी धरून उभ्या असलेल्या दानेश्वरीने पदर तोंडाला लावला. सोमेश जमिनीकडे बघू लागला. आपण काय बोललो ते आकारामला कळेना.

रत्नव्वा मात्र हसल्या. पोटावर हात दाबून हसल्या.

"इमान गावात मिळंल रे बाबा. हितनं गावापतुर न्यायाला गाडी पायजे." मग सोमेशकडे वळून म्हणाल्या, "एका खुर्चीत एकच माणूस. मला धरणार कोण?"

"अव्वा, गप की. माणसं ऐकाय लागल्यात."

"ऐकू द्यात. मला घरात मरू देशीला व्हय तुमी? पोटात कळ आली की उचलून कोल्हापूर. मग शेवट हितंच हुणार न्हवं? गाडी दारात असली म्हंजे कुणाची वाट बघाय नको. अंग ऊन हाय तवर पाय दुमडायचं, हितं आणून बसवायचं आणि निघायचं. मागच्या रांगेत पोरं बसू देत. आज्जी फुडं बसलीया, एवढंच दिसंल त्यास्नी. भ्या वाटाय नको."

आकारामने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात घेऊन उभा राहिला. गाडीचं कौतुक करायचं त्याने त्यानंतर सोडूनच दिलं.

"आन त्या दिवशी मागं ट्रॉली जोडू नगंस," रत्नव्वा म्हणाल्या. "तुजं काय सांगता येत न्हाय. जाता जाता हातकणंगल्याची ऑर्डर बी पोचवशील."

सोमेशला हसू आलं. हसता हसताच त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो रडू लागला. डॉक्टरांच्या खोलीत त्याने आवरलं होतं, घरात रोज आवरत होता. आज रस्त्याकडेच्या या पत्र्याच्या शेडमध्ये, परक्या माणसासमोर, त्याला आवरलं नाही. आईने त्याला रडू दिलं. थांबला तेव्हा त्याने शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"हिला हूक बसवून मिळंल का?" त्याने आकारामला विचारलं.

"बसवून दितो की. उद्या या."

गाडी ठरली.

"आता हितं बस बघू," रत्नव्वांनी शेजारी थाप मारली. सोमेश आत शिरून त्यांच्या डाव्या बाजूला बसला. त्यांनी पुन्हा मांडी सारखी केली, डोळे मिटले आणि अंग सोडून दिलं. त्यांचं डोकं त्याच्या खांद्यावर आलं. त्याने हात मागून घालून त्यांना धरलं. आई किती उतरली आहे हे तो दर वेळी दवाखान्यातल्या काट्यावर बघत होता. खांद्याला ते आज कळलं.

"असं," त्या म्हणाल्या. "कुरुंदवाड येईस्तोवर असंच. सोडायचं न्हाय."

"न्हाय सोडत."

बोलता बोलता त्याची नजर समोर गेली. पुढे स्टिअरिंग होतं, आणि त्यामागची सीट रिकामी होती. घरात गाडी चालवता येत होती ती फक्त त्याला.

"अव्वा," तो हळूच म्हणाला, "मी हितं बसलो तर गाडी कोण चालवणार?"

रत्नव्वांनी डोळे उघडले. सगळा विचार त्यांनी केला होता, पाय, सीट, मागची पोरं. हे मात्र त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"माजा माणूस धाडतो मावशी," आकाराम म्हणाला. "कवा बी सांगा. कुरुंदवाड काय लांब हाय?"

"परका नगं. ह्येच्या आप्पास्नी परक्यानंच आणलं." त्या सरळ होऊन बसल्या. गाठ निघाल्यापासून त्यांचा चेहरा असा पडलेला सोमेशने पाहिला नव्हता. "ऱ्हाऊ दे. तू फुडं बस. दानू धरंल मला."

त्यांनी ते सहज म्हटल्यासारखं म्हटलं, पण त्याचा हात त्यांनी आपल्या खांद्यावरून काढू दिला नाही.

दारात उभी असलेली दानेश्वरी तिथून निघाली. रडायला बाजूला गेली असेल असं सोमेशला वाटलं. ती गाडीला पुढून वळसा घालून पलीकडे गेली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून तिने दवाखान्याची पिशवी शेजारच्या सीटवर ठेवली, निऱ्या एका हाताने उचलून धरल्या आणि चढून बसली. तिचे पाय खाली पोचत नव्हते.

"दादा, ही सीट फुडं कशी घ्यायची?"

"वहिनी, येतीया का चालवाय?" आकाराम चाचरत म्हणाला.

"न्हाय. शिकतो की." तिने दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं. मागे वळून मात्र पाहिलं नाही. "सगळ्या बायका काय पोटातनं शिकून येत्यात?"

आकारामने वाकून खालची कडी ओढली, तशी सीट पुढे सरकली. एकेक पाय पुढे करून ती विचारत होती, यातला ब्रेक कुठला, क्लच कुठला. तो सांगत होता. मग तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"अत्ती," तिने सासूला हाक मारली, "शिकंस्तोवर येळ हाय न्हवं?"

रत्नव्वांनी डोकं परत सोमेशच्या खांद्यावर टेकवलं.

"हाय की," त्या म्हणाल्या. "सावकाश शीक."