अर्ध्या टेबलाची पूर्ण हकिकत

मी अर्धं टेबल बोलतोय. माझं उरलेलं अर्धं खालच्या मजल्यावर राहतं. त्याचं म्हणणं वेगळं असू शकेल, पण ते ऐकायला तुम्हाला जिना उतरावा लागेल. आधी माझं ऐकून घ्या.

जेरुसलेमच्या बाजारामागे एका सुताराने मला जुन्या दाराच्या फळ्यांतून बनवलं आणि धर्मग्रंथांच्या पाठशाळेला देऊन टाकलं. तिथली रीत अशी की एका टेबलाशी दोघांनी समोरासमोर बसायचं, मध्ये एक ग्रंथ ठेवायचा, आणि एकाने काही म्हटलं की दुसऱ्याने ते ओरडून खोडायचं. कुणी मनातल्या मनात वाचताना दिसला तर लोक काळजीने विचारायचे, बरं वाटत नाही का?

माझ्या वाट्याला आले एल्याकीम आणि गदल्या. दोघं विशीतले, दोघांची छाती मजबूत. मुठी आपटून आपटून त्यांनी माझे खिळे ढिले केले. चहाचे पेले लवंडले, खारवलेल्या माशाचं पाणी माझ्या फटींत मुरलं. मला राग यायचा, पण ते दिवस सोन्याचे होते हेही कबूल करायला हवं.

मग ती कोंबडी आडवी आली. त्यांच्या ग्रंथातल्या एका पानावर दोन अंगणांच्या मधल्या भिंतीवर एक कोंबडी बसली होती. डोकं एकाच्या अंगणात, शेपटी दुसऱ्याच्या. अंडं कुणाचं? एल्याकीम म्हणाला, जिकडे डोकं तिकडे अंडं, कारण कोंबडी जे करते ते विचार करून करते. गदल्या म्हणाला, "तू कधी कोंबडी पाहिली आहेस का रे?"

एवढ्यावरून बिनसलं. वर्षभर तीच कोंबडी. शेवटी दोघांनी जाहीर केलं की यापुढे मी याच्याशी बोलणार नाही, आणि टेबल माझं. म्हाताऱ्या गुरुजींनी डोक्याला हात लावला आणि म्हणाले, "कापा."

करवत शुक्रवारी दुपारी लागली. सुतार निम्म्यापर्यंत आला आणि शब्बाथचा, म्हणजे आठवड्याच्या विश्रांतीच्या पवित्र दिवसाचा, भोंगा झाला. भोंगा झाला की काम बंद, सूर्य बुडायच्या आत हत्यार खाली. सुतार हात धुऊन घरी गेला, करवत माझ्यातच राहिली. दुसऱ्या दिवशी दिवसभर ते दोघे माझ्या दोन बाजूंना बसले होते, मध्ये करवत. एकाने पाव मोडला, दुसऱ्याने मीठ सरकवलं. रात्री तारे दिसल्यावर सुतार आला आणि उरलेलं उरकून गेला.

माझ्या वाट्याला दोन पाय आले. दोन पायांवर टेबल उभं राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको. एल्याकीमने माझी उघडी कड गुडघ्यांवर घेतली आणि लिहायला बसला. आणि इथूनच त्याची कीर्ती सुरू होते. त्याला उठताच येईना! उठला की शाईची दौत, ग्रंथ, चष्मा सगळं जमिनीवर. बाकीचे विद्वान उन्हात फिरायला जात, कॉफी प्यायला जात. हा आपला बसलेला. बसून बसून त्याचे लेख झाले, लेखांचे ग्रंथ झाले, विद्यापीठाने प्राध्यापक केलं. त्याचे विद्यार्थीसुद्धा गुडघे जुळवून त्यावर पुस्तक ठेवून बसू लागले. त्यांना वाटे, ही गुरूंची पद्धत आहे.

लग्नानंतर त्याची बायको फ्रूमा म्हणाली, "अहो, सुताराला सांगून दोन पाय लावून घ्या ना."

"पाय लावले म्हणजे वाटणी मान्य केल्यासारखं होईल."

"वाटणी होऊन किती वर्षं झाली?"

"ते गदल्याला वाटतं," एल्याकीम म्हणाला.

गदल्याही प्राध्यापक झाला होता. त्याने आपलं अर्धं भिंतीला खिळवलं होतं, त्यामुळे तो जन्मभर भिंतीकडे तोंड करून लिहायचा. आणि नशिबाचा खेळ बघा, विद्यापीठाने दोघांना रेहाविया नावाच्या वस्तीतल्या एकाच घरात जागा दिली. एल्याकीम वर, गदल्या खाली, एकटाच.

बोलायचं तर नाही, पण शेजार म्हटला की बोलावं लागतंच. फ्रूमा शुक्रवारी खाली सूप पोचवायची, पण निरोप घेऊन जायला तिने साफ नकार दिला. "मी काय टपाल आहे का?" मग यांनी मार्ग काढला. एक विद्वानांचं नियतकालिक होतं, वर्षातून दोनदा निघायचं. त्यात गदल्याने शेपटीच्या बाजूने लेख लिहिला आणि तळटीप दिली: 'वरच्या मजल्यावरचा नळ गळतो, हेही पाहावे.' सहा महिन्यांनी एल्याकीमची तळटीप आली: 'नळाविषयीचे मत एकाच साक्षीदारावर आधारलेले असून ग्राह्य नाही.' नळ सहा वर्षं गळला. परदेशातल्या एकाने या तळटिपा वाचून प्राचीन पाणीव्यवस्थेवर प्रबंध लिहिला आणि डॉक्टर झाला.

एल्याकीमला मुलगी झाली तेव्हा गदल्याने लिहिलं: 'अभिनंदन. मात्र मूळ निष्कर्षाशी असहमत.' एल्याकीमने ते पान माझ्यावर पसरून इतक्या वेळा वाचलं की फ्रूमाला बाळ रडतंय हे ओरडून सांगावं लागलं.

मग एकदा खालून तळटीप आली: 'प्रस्तुत लेखकाची दृष्टी मंदावत आहे.' बास, एवढंच. एल्याकीमने चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पुढच्या अंकात त्याची तळटीप लेखापेक्षा मोठ्या अक्षरांत छापली होती. संपादक वैतागला, पण एल्याकीम हटला नाही.

नियतकालिकाचे वर्गणीदार मरत गेले. शेवटी दोघेच उरले, आणि पोस्टमन दोन्ही अंक एकाच पेटीत टाकायचा. असं किती दिवस चालणार? बंद पडलं.

त्यानंतर एल्याकीम माझ्यापाशी बसायचा, पण लिहायचा नाही. खाली गदल्याची काठी वाजायची ती ऐकत राहायचा. सकाळी मोरीकडे, मग चुलीकडे, मग भिंतीकडे. फ्रूमा म्हणायची, "जा ना खाली." तो म्हणायचा, "आधी लेख तर लिहू दे."

एका मंगळवारी फ्रूमा बहिणीकडे गेली होती. खाली धप्पकन आवाज झाला. एल्याकीमची मान वर झाली. त्याने घाईघाईने कागदावर एक तळटीप लिहिली: 'प्रकृती कशी आहे?' आणि तो कागद हातात धरून बसला. लेख नाही, अंक नाही, तळटीप टाकणार कशाच्या तळाला? बऱ्याच वेळाने खाली खुर्ची सरकली, काठी टेकली. त्याने कागद ग्रंथात ठेवला. त्या दिवशी मला त्याची चीड आली, आणि कीवही आली.

आज सकाळी काठी वाजलीच नाही. मोरीकडे नाही, चुलीकडे नाही. एल्याकीम थांबला, आणखी थोडा थांबला, आणि ताडकन उठला.

मी कोसळलो. ग्रंथ, दौत, चहाचा पेला, सगळं घेऊन कोसळलो. घर हादरलं.

खालून आवाज आला. म्हातारा, चिरका, अंथरुणातून आलेला. "एल्याकीम! पडलास का रे?"

एल्याकीम जागच्या जागी उभा राहिला. फ्रूमा स्वयंपाकघरातून धावत आली. "अहो, त्याला उत्तर द्या."

"लिहितो," तो म्हणाला.

"कुठे छापणार आहात?"

एल्याकीम जिन्यापाशी गेला, कठडा धरला. "मी नाही पडलो," तो म्हणाला. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाला, "टेबल पडलं."

"मी पडलो होतो," खालून आलं. "मंगळवारी. तुला ऐकू आलं नाही?"

"आलं."

"मग?"

"अंक बंद पडलाय ना," एल्याकीम म्हणाला, आणि अनवाणी, कठड्याला धरून, रडत रडत जिना उतरू लागला.

याला आता दुपार झाली. मी जमिनीवर उताणा आहे, दोन्ही पाय वर, अंगावर चहा. फ्रूमाने पेल्याच्या काचा वेचल्या आणि सूप घेऊन तीही खाली गेली. खालून भांडणाचा आवाज येतोय. कोंबडीचंच चाललंय. म्हातारे दमून थांबले की गदल्या ओरडतो, "पुढे वाच."

तेव्हा कुणी वर आलात, तर एवढी कृपा करा. मला उचलू नका. मी इथे बरा आहे.