झाडाला पाय असते तर

सोमवारी आमच्या मेकन गावातली न्हाव्यांची दुकानं बंद. आमचंही. मग डॅडी मला दुकानातल्या लाल खुर्चीत बसवायचे, स्वतः गिऱ्हाइकांच्या बाकावर बसायचे आणि लॉ स्कूलच्या प्रवेश परीक्षेचं पुस्तक मोठ्यानं वाचायचे. आई गेल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. अजूनही दाढीच्या पावडरीचा वास आला की मला तर्कशास्त्र आठवतं, हसाल तर हसा.

मला नेमके उपमांचे प्रश्न जड जायचे. अमुक हे तमुकासारखं, म्हणून तमुकाचं खरं ते अमुकाचंही खरं. यात चूक कुठं? डॅडींना ते चुटकीसरशी सुटायचे. जन्मभर दुकानात बॉक्सर आणि पाद्री यांच्यावरचे वाद ऐकून त्यांचे कान तयार झाले होते.

"ऐक. 'मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर वाळतं. म्हणून माणसानंही आपलं गाव सोडू नये.' सांग चूक."

"माणूस आणि झाड वेगळे?"

"अगं, वेगळेपणा कशातही सापडेल! निकाल बदलेल असा फरक सांग. झाडाला पाय असते तर? गेलं असतं, नाही रुचलं तर परत आलं असतं." मग पुस्तक मिटत म्हणाले, "उपमा झाडाबद्दल फसलीय. मागे राहिलेल्या खड्ड्याबद्दल बरोबर आहे. पण पुस्तक ते विचारत नाही."

मला ते नुसतं चटकदार वाटलं.

वसंतात शिकागोला प्रवेश मिळाला. आता अडचण ओडेसाआत्याची. डॅडींना तिनंच लहानाचं मोठं केलं होतं. तिच्यापुढे ते कधी 'नाही' म्हणाले नव्हते. रविवारी चर्चनंतर तिच्याकडे जेवण असायचं, आणि शेवटचं गोड, पीच कॉब्लर, पानात पडेपर्यंत घरादाराचे निकाल लागलेले असायचे.

"बापाला एकटं टाकून ही शिकागोला चालली," आत्या म्हणाली. "इथल्या कोर्टात नोकऱ्या नाहीत? एलरॉय, तूच सांग. तू म्हणशील तसं."

डॅडी कॉर्नब्रेडला लोणी लावत होते.

"ताई, मोठं झाड उपटून दुसरीकडे लावलं तर वाळतं. माणसाचंही तसंच. गाव सोडू नये."

"आमेन!" आत्या म्हणाली.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी मान वर केली नाही.

"डॅडी," मी म्हणाले, "झाडाला पाय नसतात. मला आहेत. नाही रुचलं तर परत येईन."

त्यांनी सुरी खाली ठेवली. "घ्या! ताई, पोरीनं मला चारी मुंड्या चीत केलं. हिला वकील होऊ नको म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

आत्यानं आधी डोळे वटारले, मग ती पोट धरून हसली. "जा बाई रनीटा. तुझ्या बापाला तोंड नव्हतंच, तुला तरी देवानं दिलंय."

घरी जाताना गाडीत मी म्हटलं, "डॅडी, तो तर पुस्तकातला प्रश्न होता."

"कुठला प्रश्न?" म्हणत त्यांनी काच खाली केली. मला रडू आलं, ते त्यांनी पाहिलं नाही असं दाखवलं.

मी गेले. वाळले नाही, चांगली रुजले. नाताळात न कळवता आले तो दिवस सोमवार होता. दुकानाचं दार लोटलेलं. काचेतून बघितलं तर डॅडी गिऱ्हाइकांच्या बाकावर, समोर रिकामी लाल खुर्ची. ते मोठ्यानं प्रश्न वाचत होते, आणि प्रत्येक प्रश्नानंतर उत्तरासाठी थांबत होते.