भिंतीवरची यादी

भिंतीवर नवी यादी लागली होती आणि तिच्यात लायनलची एकही धून नव्हती.

त्याने ती दोनदा वाचली. कोट अजून अंगातच होता. शनिवारी लीड्सच्या कॉलेजात काय वाजवायचं त्याची यादी, अक्षर ड्रमर गाइल्सचं. 'टिन हेरन' हा बँड त्यानेच तर काढला होता, सहा वर्षांपूर्वी, कँटरबरीत, चर्चच्या याच हॉलमध्ये. जॅझ आणि रॉक एकाच भांड्यात शिजवायचं खूळ त्याचंच.

आणि यादीची रीतही त्याचीच. माणसाला तोंडावर 'तू नको' म्हणणं त्याला असभ्य वाटे. त्यापेक्षा त्याच्या धुना यादीतून गाळायच्या. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात, इथे शब्दही नको! कागद वाचून माणूस आपलं वाद्य उचलून निघून जाई आणि बाकीचे चहा पीत खिडकीबाहेर बघत. असे दोन गिटारवाले गेले, एक ट्रंपेटवाला गेला. सगळ्यात आधी गेला गायक ऑब्री, लायनलचा शाळेपासूनचा मित्र. त्याच्या वेळच्या यादीत शब्द असलेलं एकही गाणं नव्हतं. पुढे रेकॉर्डच्या कव्हरवर छापून आलं, की बँडने गायन सोडून शुद्ध वादनाची वाट धरली. वाट धरली म्हणे!

"गाइल्स, माझं काही लिहायचं राहिलं का रे?"

गाइल्स झांजा पुसत होता. "चहा घेणार?" तो म्हणाला.

सॅक्सोफोनवाला मॉरिस खिडकीबाहेर बघत होता. बाहेर एका सायकलीशिवाय काही नव्हतं.

"अरे, बँड माझा आहे! माझ्याशी बोला तरी!"

"बोलायचं नसतं, हे तूच शिकवलंस ना," गाइल्स झांजेकडे बघतच म्हणाला.

तेवढ्यात आतून कपांचा ट्रे घेऊन ऑब्री आला. लायनलने झटकन यादीकडे पाहिलं. पाचवं नाव ऑब्रीच्या गाण्याचं, लायनलने स्वतः गाळलेल्या. मघाशी दोनदा वाचूनही ते दिसलं नव्हतं, कारण तो फक्त आपलं शोधत होता. तो मटकन आपल्या ऑर्गनच्या स्टुलावर बसला.

ऑब्रीने त्याच्या हातात कप दिला आणि खुर्ची ओढून समोर बसला.

"लायनल, तुला काढलंय," तो म्हणाला. "परवा ठरलं. मीही हो म्हणालो. शिव्या घालायच्या तर घाल, मी इथंच बसलोय."

लायनलने कप ऑर्गनवर ठेवला.

"मला काढलंस ना, त्या दिवशी मी समोरच्या थांब्यावर उभा होतो. तीन बस सोडल्या. वाटलं, तू येशील सांगायला."

लायनलने मान खाली घातली. तो तेव्हा खिडकीतच होता. तिन्ही बस त्याने मोजल्या होत्या.